रावजीच्या नावाची खीर

—सोमवारपासून? नाय नाय, सोमवारपासून बिलकुल नको. माझं ऐका. सोमवार ठरला की रविवारी माणूस असा खातो, जसं काय दुसऱ्या दिवशी फाशी हाय. मी केलेत ना असले सोमवार, पंधरा-वीस तर सहज झाले असतील. तुमची फाइल कोरी दिसते म्हणून सांगतो. पहिलीच वेळ ना? वाटलंच. पहिल्या वेळेला सगळ्यांना वाटतं, महिनाभर कारल्याचा रस पिऊ आन् सुटू. मलाबी वाटलं होतं. सरका जरा तिकडं, पाय बाकड्यावर घेऊ द्या — खाली सोडला की ठणकतो. वास येतो का? येत असंल तर तोंडावर सांगा, मला राग येत नाय. म्हणजे येतो, लय येतो, पण पायावरून नाय येत. ती काउंटरवरची पोरगी मघापासून तिसरी उदबत्ती लावतेय. देवाला लावते का माझ्यासाठी लावते, एवढं मला कळतं.

अंगठा काळा पडलाय. फडकं सोडून दाखवू? नको? बरं, राहिलं. चपलेचा खिळा वर आला होता, तो चार दिवस रुतत होता आन् मला पत्ताच नाय. ओट्यावर रक्ताचे ठसे बघून सून ओरडली, तेव्हा कळलं की ते माझे. तर सर्जन काय म्हणला — तरुण हाय, पण सरळ बोलतो, मला आवडला — म्हणला, "आबा, पंधरा दिवस देतो. साखर दोनशेच्या आत आणा, मी नुसता अंगठा काढतो. नाय आणली तर जखम भरणार नाय, वर चढत जाईल, मग गुडघ्याखालून काढावा लागंल." झालं. आज पंधरावा दिवस. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, आता कागदाची वाट बघतोय. माझी सून, ललिता, ती पलीकडं मेडिकलात मलमपट्टीचं सामान घ्यायला गेलीय. ती येईस्तवर बोलून घेतो. तिच्यासमोर बोलता येत नाय, माझं वाक्य मधीच तोडते ती.

हां, तर चुकल्यावर काय करायचं, ते विचारत होता तुम्ही. ते मला बरोबर माहीत हाय, कारण मी त्याच्या उलटं केलं. दवाखान्यात एक डाएटवाली बाई बसती — बाई कसली, माझ्या नातीएवढी. ती म्हणली, "आजोबा, तुम्ही चुकणार. सगळे चुकतात. चुकलात तर दुसऱ्या दिवशी उपास करू नका आन् गोळी उपाशीपोटी घेऊ नका. फक्त पुढचं जेवण नीट जेवा." मी मनात म्हणलं, वा गं शहाणे! गुन्हा केला त्यानं शिक्षा भोगायची नाय होय? पुढचं जेवण नीट जेवायचं की माफ? आमच्या म्हसरूळला कोणी दुसऱ्याच्या वावरात जनावर घातलं तर त्याला असं सोडत नाय कोणी. म्हणून मी चुकलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्याचा घोट सोडून काही घेतलं नाय. आन् साखर लवकर उतरावी म्हणून गोळ्या घेतल्या, एकीच्या जागी दोन. कोणाला विचारलं? कोणाला नाय. आन् पोराबरोबर टेम्पोत बसून पंचवटीच्या मार्केटात गेलो, मेथीच्या जुड्या उतरायच्या होत्या, मी आपला नुसता बसायला. तिथं डोळ्यापुढं अंधारी आली, घाम सुटला, आन् पडलो की जुड्यांवर. लोकं गोळा झाले. कोणीतरी म्हणलं, ह्यांची साखर खाली गेली. रसवंतीवाला पळत आला, दोन गिलास उसाचा रस ओतला घशात. हसता काय? हसा. उपास केला साखर उतरवायला आन् शुद्धीवर आलो तो तोंडात ऊस. ती डाएटवाली नको म्हणली होती, ते ह्याचसाठी. मग मी म्हणलं, नाय तरी वाटोळंच झालंय — आन् पुढचे दोन दिवस काय मिळंल ते खाल्लं. भेळ, पेढे, शेजारच्याच्या सत्यनारायणाचा शिरा. म्हणलं, आणा. म्हणून म्हणतो, सोमवार नको. चुकलात तर त्याच दिवशी परत या. मी आलो नाय.

चुकलो कशात? खिरीत. — नाय, तुमच्याकडं पित्तर कसं घालतात मला माहीत नाय. तुम्ही कुठले? ओझरला, विमानाच्या कारखान्यात? मग तुमच्या कॉलनीत बहुतेक भटजीला शिधा देत असाल आन् मोकळे. आमच्यात माणूस बसवतात. जो गेला त्याच्या वयाचा, भाऊबंदातला कोणी बघायचा, त्याचे पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं, पाटावर बसवायचं. मग तो माणूस त्या दिवशी तो नसतो, गेलेलाच असतो. त्यानं पोटभर खाल्लं की गेलेला जेवला. तो अर्ध्यात उठला तर गेलेला उपाशी गेला, असं धरतात. उडदाचे वडे, कढी, गवारीची भाजी, आन् खीर. खीर पाहिजेच. नको म्हणायचं नसतं. आता गावात म्हातारे उरले किती? त्यामुळं पंधरवड्यात मला सात-आठ घरची बोलावणी. अवंदा सगळ्यांना नाय म्हणलं. पाय दाखवला आन् नाय म्हणलं. एका घरी नाय म्हणता आलं नाय, तिथं एक वाटी खाल्ली.

रावजीच्या घरी. रावजी म्हणजे माझा भाऊ, दोन वर्षांनी धाकटा. मागच्या सालच्या माघात गेला. वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरचं हे पहिलं पित्तर. आमच्या दोन घरांत एकच भिंत. त्याचा राजू आला, पाया पडला, म्हणला, "आबा, दादांच्या जागेवर दुसरं कोण बसणार?" आता सांगा, सख्ख्या भावाच्या जागेवर बसायला नाय म्हणू? बसलो. नऊ दिवस मी ज्वारीची भाकर आन् पालेभाजी खाल्ली होती बरं का, नऊ दिवस, ललिताला विचारा, चहासुद्धा बिनसाखरेचा, तो तर नुसता गरम चिखल लागतो. आन् दहाव्या दिवशी एक वाटी. बरं, एक नाय. तीन असतील.

रावजीलाबी हेच होतं हो. त्याला माझ्याआधी. माझ्याआधी म्हणजे — त्याचं माझ्याआधी कळलं. मार्केटात माल गेला की आम्ही दोघं मालेगाव स्टँडवर जिलेबी खायचो, उभ्याउभ्या, एका कागदात. त्याची साखर निघाली तरी खायचो. तो म्हणायचा, "दादा, घरी सांगू नको हां." मी म्हणायचो, येडा का तू. आन् एक दिवस मी सांगितलं. त्याच्या बायकोला, कुसाबाईला, सगळ्यांसमोर, ओट्यावर उभं राहून, मोठ्यानं: हा बाजारात जिलेबी हाणतो. बस. तिनं साखरेच्या डब्याला कुलूप घातलं, राजू त्याला मार्केटात एकटा सोडंना, म्हातारा माणूस, पण त्याचे खिसे तपासायचे लोकं. खिसे! मी बरोबरच केलं ना? त्याच्या भल्याचंच. डॉक्टरबी म्हणला, बरं केलं. पण तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. तीन वर्षं. एका भिंतीला पाठ लावून दोघं बसायचो, तो त्या बाजूला, मी ह्या. मग त्याचा पाय गेला. दोन वर्षांमागचा कुंभमेळा त्यानं काठीवर, एका पायानं बघितला. तोंडाची चव गेली होती, कोंड्याची भाकर दिली की नुसता चघळत बसायचा गुरासारखा.

तीन वर्षांत तो माझ्याशी एकदाच बोलला. शेवटी शेवटी. मी दारातून चाललो होतो, खाटेवरून हाक आली, "दादा." मी थांबलो. म्हणला, "एक वाटी खीर आण ना. तुझ्या घरची." मी काय म्हणलं माहीत हाय? "डॉक्टर नको म्हणतो." आन् चालता झालो. आठव्या दिवशी गेला.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ म्हणून काळजी. सगळे तेच म्हणतात. तुम्हाला काय, तुम्ही परत भेटणार नाय मला, म्हणून — हे बघा, मी कुसाबाईला सांगितलं ना, त्या दिवशी माझा स्वतःचा रिपोर्ट माझ्या बंडीच्या खिशात होता. आठ दिवस झाले होते आणून. साखर रावजीपेक्षा जास्त. ते काउंटरवालीनं वाचून दाखवलं होतं, इथं नाय, दुसऱ्या लॅबमधी. आन् घरात ललिता मागं लागली होती — "आबा, तुम्ही पाच-पाच वेळा उठता, पाणी लय पिता, तपासून घ्या." मला कुलूप नको होतं हो. माझे खिसे कोणी तपासायला नको होते. म्हणून मी बोट तिकडं दाखवलं. सगळं घर रावजीकडं धावलं, आन् मी जिलेबी खात राहिलो. एकटा. अख्खा कागद मला. दोन वर्षं कोणी विचारलं नाय. तेवढ्यात ह्या पायाच्या नसा मेल्या.

तर पित्तर. राजूची बायको, स्नेहल, शिकलेली हाय, चांगली हाय पोरगी. तिनं माझ्यासाठी वेगळी खीर केली होती, बिनसाखरेची. सगळ्यांची वेगळ्या पातेल्यात, माझी वाटी वेगळी. म्हणली, "आबा, तुम्ही काळजी करू नका, मी तुमच्या पथ्याचं बघितलंय." — होय हो, कोणी आग्रह केला नाय. मघाशी मी म्हणलो नाय म्हणता आलं नाय, ते खोटं. नाय म्हणायची गरजच नव्हती. तिनं समोर ठेवली, मी एक घास घेतला. आन् मला ती कोंड्याची भाकर दिसली. मी वाटी सरकवली. म्हणलं, "स्नेहल, आज ह्या पाटावर मी, सावळीराम हाय, का रावजी?" ती म्हणली, "मामंजी आहेत." मी म्हणलं, "मग रावजीला अजून बिनसाखरेची देतेस? मेल्यावरबी?" कुसाबाई उठली, पातेलंच आणलं तिनं, माझ्यापुढं ठेवलं आन् पदर तोंडाला लावून आत गेली. मी खाल्लं. तीन वाट्या कुठल्या, खरवडूनसुद्धा खाल्लं. राजू रडत होता, वाढत होता, म्हणत होता, "दादा, घ्या अजून." दादा म्हणत होता मला.

गोड? दुसऱ्या वाटीपर्यंत लागली. मग नुसतं गिळणं. मला वाटलं होतं, खाता खाता काही सुटंल, छातीवरनं उतरंल. काय उतरत नाय. रावजी काय येऊन ढेकर देऊन गेला नाय. पोट माझंच फुगलं, आन् रात्रभर पाय माझाच जळला. त्याला हवी होती तेव्हा एक वाटी होती घरात. ललितानं केली होती त्या दिवशी. म्हणून तर मागितली त्यानं, वास गेला असंल भिंतीपलीकडं.

मग तुम्ही मला विचारता, परत रुळावर कसं यायचं. यायचं कशासाठी, ते तुमच्याकडं असंल तर येता येतं. बायको हाय? पोरं? मग या. कालपासून मीबी आलोय तसा. काल दोन भाकरी, मेथी, ताक. रात्री एकच भाकर. कालपासून. चुकल्यानंतरचा एकच दिवस. काय उपयोग हो, रक्ताला काय माझी दया येणार हाय?

काय? सावळीराम? हां, मीच, इकडं. द्या. — बघितलं, तोंडाकडं न बघता कागद टाकून गेली. हे घ्या, तुम्ही बघा. मला अक्षर लागत नाय. वरचं राहू द्या, खाली आकडा असंल. बोट ठेवा त्याच्यावर, आकडे मला कळतात. हां. बोट काढा, नीट दिसंना. चष्मा — राहू द्या, दिसतंय.

तीन.

बास. तीनच्या पुढची दोन घरं नका दाखवू, काय करायचीत. नाय, काही बोलू नका. कमी होतं पुढच्या वेळी, गोळ्यांनी उतरतं, असलं काही बोलू नका, तुमचं तोंड आधीच उतरलंय. पहिल्या दिवशी असं नसतं बघायचं. तुम्ही आपली फाइल घ्या. ती बघा, ललिता रस्ता ओलांडतेय, निळ्या साडीतली, हातात पिशवी. रिक्षावाल्यावर ओरडतेय. ती आता विचारंल, आन् ते आज मलाच सांगू द्या. तुम्ही उठा. तुमचं नाव नसंल पुकारलं तरी उठा, तिकडं पंख्याखाली जागा हाय. ... जा म्हणलं ना.