तिसऱ्या सेनापतीचं मौन

हॅलो?… कोण बोलतंय?… ताई, तू होय! मग खोकला पुरे. मला वाटलं चित्रपट मंडळाचे चिटणीस, म्हणून जरा आजारी आवाज लावला… अगं, ठणठणीत आहे मी. पण पाच वाजता भाषण आहे ना माझं… हो, तेच, पडद्यावरचे सेनापती. तीन सिनेमे, तीन नट, लिहून झालीत बारा पानं… नाही जाणार… अगं ऐक ना, घोटाळा झालाय!

पहिला नट नुसता डरकाळ्या फोडतो. दुसरा सारखा क्षितिजाकडे बघतो, जणू तिकडून बस यायची आहे… हो, हे वाक्य आहे भाषणात. बरं आहे ना?… आता तिसरा. त्याच्या वेळी माझं कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं. काढून ठेवलं. खाली संवादांची अक्षरं येतात, म्हटलं वाचू. आणि मी भाषणात लिहिलं काय? ‘हा सेनापती आवाज न चढवता केवळ नजरेनं फौज हलवतो.’… हस, हस पोटभर… आज दुपारी यंत्र लावून पुन्हा पाहिला. अगं, पहिल्याच्या वरताण ओरडतो! आणि त्याच्या मौनावर माझी सात पानं!

कसं कळलं नाही?… तोंड हलत होतं गं, पण मला त्याच्या जागी आपले भावजीच दिसत होते. पलटणीचे कमांडर, पण रजेवर आले की कसे शांत! मान हलवायचे, बस्स. मी तर विशीपासून मनात म्हणायचो, माणूस असावा तर असा. मला रिक्षावाल्याला ‘थांबा’ म्हणायला जमत नाही…

काय?… घसा?… घसा बसलेला असायचा?… दर रजेला?… म्हणजे तिकडे इतके ओरडायचे?… भीती वाटायची म्हणून?… भावजींना?… तुला त्यांनीच सांगितलं?…

थांब, ती सात पानं काढतो.

म्हणजे तिसऱ्या नटानं बरोबरच केलं गं. ओरडताना त्याचे डोळे भेदरलेले होते, ते मला दिसले होते. मी त्याला करारीपणा म्हणून मोकळा झालो… सात पानं फाडावी लागणार…

हे बोलू तिथे?… पण सभागृहात भावजींच्या पलटणीतले सगळे निवृत्त लोक येणार आहेत… त्यांना माहीत होतं?… सगळ्यांना?… म्हणजे फक्त मीच चाळीस वर्षं…

बरं. जातो… हो, कागदाशिवाय… पण तू समोर बसू नकोस, मला बोलता येणार नाही… बसणारच?… आणि माझा आवाज खाली गेला तर?… तिथून ओरडशील?… सगळ्यांसमोर?…

ओरड. खरंच ओरड, ताई. निघतो मी.