नरसाळ्यातली धडधड

…आणि हसू नका हो! तुम्हाला सांगते, पिंपळवंडीत आता मला कुणी नावाने ओळखतच नाही, 'ती नरसाळ्यावाली' म्हणतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं, नरसाळं माझंच! तेलाचं, चांगलं धुतलेलं, त्याच्या नळीत इअरफोनचा माईक खोचला आणि सात महिन्यांच्या माझ्या समृद्धीच्या छातीला लावलं. का? तर झोपेत तिची छाती जरा जास्तच उडते असं मला वाटलं. दुसरी कुणी असती तर सरळ डॉक्टरकडे गेली असती की नाही? पण मी पडले इंजिनिअर! शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टच तो… पोटातल्या बाळाचे ठोके वेगळे काढायचे, बाकीचा सगळा नॉईज फिल्टर करायचा. डिस्टिंक्शन होतं हो!

पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये नुसती खरखर. पंखा बंद केला. सासरे ओट्यावर खोकले, त्यांना गोठ्याकडे पिटाळलं. नवरा, म्हणजे समाधान, 'अगं, पण…' एवढंच म्हणाला, त्यालाही घालवला. आणि सासूबाई… कसं सांगू… बिचाऱ्या नातीला थोपटत काहीतरी गुणगुणत होत्या, त्यांना मी म्हणाले, 'आत्या, तुम्ही जरा बाहेर बसा. तुमचा नॉईज येतोय.' शब्द त्यांना कळला नाही, अर्थ बरोबर कळला. पदर सावरत उठल्या आणि उन्हात जाऊन बसल्या. सत्तरीची बाई! आणि मी दाराला आतून कडी घातली. डिस्टिंक्शन होतं ना!

मग पोर रडायला लागली, म्हणून तिला छातीवर पालथी घेतली, झोपवली, दोघींच्या मधे नरसाळं सारलं, आणि रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेऊन श्वासाची संथ लाट काढली, विजेची गुणगुण कापली, आणि उरलं काय? दोन ठोके! एक बारीक, भरभर, आणि मधेच, भलत्याच ठिकाणी, दुसरा… दणदणीत! पुन्हा घेतलं. आणखी दणदणीत! तिसऱ्यांदा तर तो दुसरा ठोका नुसता पळतच सुटला… पोरीला उचललं, कडी काढली!

शेजारच्या गेणभाऊंचा टेम्पो दारात उभा होता, त्यातच चढले, मागोमाग सासूबाईही. 'वैनी, टोमॅटोचं क्रेट तर उतरवू द्या!' ऐकते कुणाचं? क्रेटांसकट नारायणगाव! वाटेत सासूबाई एवढंच म्हणाल्या, 'पोर तर खिदळतीया गं, हिला काय व्हतंय?' मी म्हटलं, 'तुम्हाला नाही कळायचं.' हो, म्हणाले मी असं… तोंड वर करून!

डॉक्टरांनी समृद्धीला टेबलावर निजवून तपासलं, ईसीजी काढला. 'ठणठणीत आहे.' मी लॅपटॉप उघडून नाचवला, 'मग हा दुसरा ठोका कुणाचा?' त्यांनी ग्राफ बघितला, मग माझ्याकडे बघितलं. 'रेकॉर्ड करताना बाळ कुठे होतं?'

'माझ्या… छातीवर.'

आणि मागून सासूबाई, 'म्हंजी ते तुजंच व्हतं व्हय गं? तूच धडधडत व्हतीस?'

म्हणजे बघा, मी घाबरले की ठोका वाढणार, ठोका वाढला की ग्राफ भयंकर दिसणार, तो बघून मी आणखी घाबरणार! आणि खरी लाज पुढेच आहे. घरी येऊन प्रोजेक्टची जुनी फाईल काढली, तर पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात… 'या सिग्नलमधला सर्वांत मोठा नॉईज म्हणजे आईचे ठोके.' खाली दोन रेघा मारलेल्या! डिस्टिंक्शन होतं हो…

सासूबाईंची माफी मागायला गेले. त्या समृद्धीला मांडीवर घेऊन गुणगुणत होत्या, पोर दोन मिनिटांत गाढ झोपली. मी आपली हळूच वाकले… छाती उडतेय का, एवढंच बघायला हो… तर वर न बघता म्हणाल्या, 'अमृता, जरा भायेर बस बाय. नॉईज येतुया.'

बसलेय. ओट्यावर सासरे आधीपासून होतेच, त्यांनी सरकून जागा दिली.