शून्य भाकरी मिळालेली आई

"उपाशी कुणी राहिलंय का होऽ?"

मंडळी, हा आवाज माझ्या कानात चाळीस वर्षं आहे. माझ्या आत्याचा आवाज. निलंग्याकडच्या एका गल्लीत ती राहायची. दुपारी घरातल्यांची ताटं झाली, की स्वतः बसायच्या आधी दारात यायची, पदर सावरायची आणि गल्लीभर ही हाक द्यायची. मग क्षणभर थांबायची. खरंच थांबायची बरं का! आपल्यासारखं नाही, 'या जेवायला' म्हणायचं आणि दार लोटून घ्यायचं. मी लहान होते. एकदा विचारलं, "आत्या, कुणी आलंच तर तू काय खाशील?" म्हणाली, "ठेचा हाय की."

तर ज्यांच्या घरी अन्नाला असा मान, त्या आपल्या मराठवाड्यातलं आजचं आख्यान. त्याआधी एक प्रश्न विचारते. मनातल्या मनात उत्तर द्या, शेजारणीला सांगू नका.

समजा, चूक तुमची आहे. आणि ज्याच्यावर अन्याय झाला, तोच डोळ्यांत पाणी आणून तुमच्यापुढे उभा राहिला. म्हणाला, "माझंच चुकलं, मला माफ करा." करायची का माफी? करायला काय जातं? हात उचलायचा, डोक्यावर ठेवायचा, "जाऊ दे बाळ" म्हणायचं. घरबसल्या मोठेपणा. घ्यावा का हा मोठेपणा, मंडळी?

ऐका.

लातुरात शिकवणी वर्गांच्या भागात एक खानावळ आहे. नाव कशाला सांगू, उद्या सगळे तिकडेच जाल आणि माझ्या कीर्तनाला रिकामी सतरंजी. चालवणारी बाई कलावती बिराजदार. पोरी तिला अक्का म्हणतात. डॉक्टर व्हायला गावोगावहून आलेल्या साठ पोरी दोन वेळा तिच्याकडे जेवतात. दारात एक फळा. वर लिहिलेलं असतं : आज शेवग्याची आमटी, ज्वारीची भाकरी, कांदा. आणि खाली? खाली परीक्षण. कशाचं? कोरियन मालिकांचं.

हसलात ना? मीही हसले होते. त्या दूरदेशच्या प्रेमाच्या मालिका हो! गोरी पोरं, लांब कोट, छत्री एक आणि माणसं दोन. पोरी जेवताना मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून बघायच्या. अक्का वाढता वाढता डोकवायची. एक दिवस म्हणाली, "भाषा कळंना, पण माणसं आपल्यावानीच की गं. सारखी जेवत्यात." पोरींनी हिंदीत आवाज असलेल्या मालिका शोधून दिल्या. मग काय, दुपारी तीन ते पाच, मेथी निवडता निवडता अक्काची मालिका सुरू. आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर निकाल. पाचपैकी मार्क, तेही भाकरीत.

तिची मोजायची रीत निराळी. कोण किती देखणा, कुणी कुणाला मिठी मारली, याला मार्क नाहीत. कोण कुणाला वाढतं, एवढंच ती बघते.

एकदा लिहिलं : "पोरगा चांगला आहे. पण सहा भाग झाले, एकटाच उभ्यानं शेवया खातोय. एवढा मोठा कंपनीचा मालक, घरी बस म्हणणारं कुणी नाही. अडीच भाकरी."

एकदा : "होणारी सासू ग्लासातलं पाणी पोरीच्या तोंडावर मारते. पाणी पाहुण्याला प्यायला द्यायचं असतं. अर्धी भाकरी, तीही शिळी."

आणि एकदा, पूर्ण पाच : "तो काही बोलला नाही. आपल्या ताटातला मासा सोलला, काटे काढले आणि तिच्या भातावर ठेवला. ह्याला म्हणतात."

मंडळी, पुढे बसलेल्या पुरुषांना विचारते. लग्नाला किती वर्षं झाली? काटे काढून दिलेत कधी? राहू द्या, मान खाली घालू नका. आख्यान तुमचं नाही. अजून तरी.

पोरी त्या फळ्याचे फोटो काढायच्या आणि मोबाईलवरून जगाला दाखवायच्या. कुठून कुठून लोक वाचायला लागले. नांदेडहून, नगरहून, एक बाई तर दुबईहून. अक्काला याचं काही नाही. तिला फक्त खडू ओला झालेला चालत नाही.

पण ही बाई इतकं बारीक बघायला शिकली कुठं? तिथंच गोष्टीचं दुखणं आहे.

अक्काला एक लेक. गिरिजा. नवरा लवकर गेला, तेव्हा लेक तीन वर्षांची. खानावळीच्या धुरात वाढवली, क्ष-किरणाचं काम शिकवलं. आणि दवाखान्यात बरोबर काम करणारा एक पोरगा गिरिजाला आवडला. दुसऱ्या समाजातला. अक्का म्हणाली, नाही. महिनाभर दोघी एका घरात, पण बोलणं बंद. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एके दिवशी, भर दुपारी, अक्का काठवटीत भाकरी थापत बसली होती, पाठ दाराकडे. गिरिजा पिशवी घेऊन मागे उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आई वळेल म्हणून. काही बोलेल म्हणून.

*लेक उंबऱ्यात उभी, माय चुलीपाशी बसे*
*चार पावलांच्या मधी, बाई, सात कोस रान दिसे*

अक्काला कळलं का मागं लेक उभी आहे? अहो, साठ पोरींत कुणाला ताप आहे हे पावलांवरून ओळखणारी बाई. पोटच्या लेकीचा श्वास तिला कळणार नाही? कळलं होतं. ती वळली नाही. गिरिजा थांबली, थांबली आणि गेली. आणि संध्याकाळी अक्कानं गल्लीला सांगितलं, "पोरगी न सांगता गेली. मला पत्ताच नाही." गल्ली हळहळली. बायकांनी पाठीवरून हात फिरवला. लेकीचे दोनदा फोन आले, ते हिनं घेतले नाहीत. मग फोन यायचे थांबले. गिरिजा सोलापुरात आपला संसार करत राहिली.

नऊ वर्षं, मंडळी. खोटं किती छोटं! 'मला पत्ताच नाही.' तीन शब्द. पण रोज त्याच्यावर एक भाकरी थापायची म्हटलं तर डोंगर होतो.

आता यंदाची गोष्ट. पोरींनी अक्काला नवी मालिका लावून दिली. समुद्रकाठचं खेडं. एक कोळ्याची पोर, तिला शहरातल्या पोराबरोबर जायचंय. आई अंगणात बसून कोबीच्या गड्ड्यांना मीठ चोळतेय, पाठमोरी. आपण लोणच्याला फोडी चोळतो ना, तसं. पोरगी मागे येते. हातात पिशवी. उभी राहते. आणि जाते.

अक्काच्या हातातली मेथी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एवढंच : "मालिका बरी. आई दगडाची. शून्य भाकरी."

शून्य याआधी कुणालाच मिळालं नव्हतं. पाणी मारणाऱ्या सासूलासुद्धा अर्धी होती. गंगाखेडची सानिका गुट्टे म्हणून एक चळवळी पोर आहे, ती ताट घेऊन थेट काठवटीपाशी आली.

"अक्का, शून्य कशाला? बिचारी कामात होती. तिला दिसलंच नाही."

"तिला ठावं होतं."

"कशावरनं?"

"मीठ चोळायचा हात थांबला व्हता. वळली नाही, पण हात थांबला. परत बघ."

 अशी नजर आहे या बाईची. दुसऱ्याच्या आईचा थांबलेला हात तिला एका झटक्यात दिसला.

फळ्याचा फोटो गेला जगात. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, वाढप चालू असताना, सानिका मोबाईल घेऊन धावत आली. "अक्का, तुमच्याशी कुणीतरी भांडतंय. वाचू?"

"वाच. भांडायला कुणाच्या बाला भ्यायचंय."

सानिका वाचू लागली. "अक्कांचं परीक्षण यावेळी चुकलं. त्या आईला शून्य देऊ नका. ती पाठमोरी होती, कामात होती, तिला कळलंच नाही. चूक पोरीची. तिनं एक हाक मारायला पाहिजे होती. आई वळली असती. मी नऊ वर्षं स्वतःला हेच सांगतेय. माझ्या आईला न विचारता मी गेले. आता पोटात लेकरू आहे, तर रोज वाटतं, जाऊन पाय धरावेत. पुढच्या रविवारी येते. तुमची अक्का हीच माझी आई. तिला सांगाल का? गिरिजा."

खानावळीत साठ पोरी. सगळ्यांच्या माना अक्काकडे वळल्या.

बघा मंडळी, काय झालं ते. चूक आईची. आणि ते ओझं नऊ वर्षं वाहिलं कुणी? लेकीनं. आईनं गल्लीला सांगितलेलं खोटं फिरत फिरत सोलापूरला गेलं आणि लेकीनं ते खरं मानून घेतलं. का मानलं? आई आपल्याला बघूनही वळली नाही, हे मानण्यापेक्षा आपणच वाईट होतो हे मानणं तिला सोपं गेलं. लेकरं अशी असतात.

सानिकाला आनंद झाला. "अक्का, बरंच झालं की! ती माफी मागत्येय. तुम्ही करून टाका. मोठ्या मनानं."

मोठ्या मनानं!

अक्का उठली. ओल्या फडक्यानं शून्य पुसलं. लिहिलं : "मी चुकले होते. आई कामात होती, तिला दिसलं नाही. तीन भाकरी."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. अक्कानं भाजी वाढायला घेतली. सगळं कसं छान जुळलं, नाही का? लेक येणार, पाया पडणार, आई उचलून घेणार, नातवंड होणार. खोटं कुणाला कळणार होतं? ते फक्त तिला आणि देवाला ठाऊक. आणि देव कधी चहाडी करत नाही, हीच तर आपली मोठी सोय आहे.

पण त्या सानिकेनं काय केलं, खोलीवर जाऊन तो प्रसंग पुन्हा पाहिला. शनिवारी जेवायला आली ती ताटाला हात न लावता बसली.

"अक्का, मी तो सीन चार वेळा बघितला. हात थांबतो."

अक्कानं तव्यावरची भाकरी उलटली.

"तुमचंच बरोबर होतं. मग तीन का दिल्या?"

"जेव गप. थंड व्हायलंय."

"अक्का, आम्ही घरी सगळं खोटं सांगतो. टेस्टमधले मार्क, झोप, सगळं. तुमचा फळा तेवढा खरा असतो म्हणून आम्ही वाचतो."

ती पोर रागावली नव्हती. दुखावली होती. तिनं ताट उचललं आणि कोपऱ्यात जाऊन जेवली. अक्का काठवटीपाशी बसून राहिली. त्या दिवशी फळा तसाच राहिला, ना पुसला, ना लिहिला.

*पीठ चाळलं चाळणीनं, कोंडा येगळा निघाला*
*मन चाळाया बसले, बाई, खडा हाताला लागला*

मंडळी, गोष्ट रविवारवर आली. पेटीवाले, सूर धरून ठेवा जरासा. लेक उंबऱ्यात येण्याआधी मला तुमच्याशी बोलायचंय.

आपण रोज देवापुढं उभे राहतो. काय म्हणतो? "देवा, चुकलंमाकलं माफ कर." चुकलंमाकलं! किती गोड शब्द. त्यात काय काय मावतं. भावाची बळकावलेली विहीर मावते, सुनेला मारलेला टोमणा मावतो, म्हाताऱ्या बापाला तास न् तास दारात बसवून ठेवलेलं मावतं. नेमकं काय चुकलं हे कुणी सांगत नाही. देव बिचारा ऐकून घेतो. पण ज्याचं आपण बिघडवलं, त्या माणसापुढं उभं राहून, तारीख-वार धरून, "मी हे केलं, मुद्दाम केलं" असं म्हटलंय कधी? मी नाही म्हटलेलं. कीर्तन सांगते, पण माझीही एक-दोन राहिलीत. तुमची किती राहिलीत ते तुम्ही मोजा. आणि ज्याच्यापुढं म्हणायचं, तो माणूस अजून आहे का, हेही बघा.

आता चला खानावळीत.

रविवार. साडेबारा. पोरींची पंगत बसलेली. रिक्षा थांबली. गिरिजा उतरली, सातवा महिना, चेहरा सुकलेला. उंबऱ्यात आली. अक्कानं बघितलं. पोरींनी बघितलं. सानिकानं पाण्याचा तांब्या आणून दिला.

"आई," गिरिजा म्हणाली. तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "माझंच चुकलं. मी एक हाक मारायला पाहिजे होती. तुला कळलं असतं तर तू..."

अक्का लगबगीनं उठली. पाट मांडला. ताट घेतलं. भाकरी, आमटी, वर तुपाची धार. "आधी जेव. प्रवासातनं आलीस. दोन जिवांची तू, बस."

"तू माफ केलंस म्हण, मग जेवते."

एवढंच म्हणायचं होतं, मंडळी. 'केलं.' दोन अक्षरं. पुढं वाफाळतं ताट आहे, लेक समोर आहे, साठ पोरी डोळे पुसायला तयार आहेत. जन्मभर ही बाई अन्नानं मोजत आली, अन्नानं बोलत आली. पण त्या घडीला तिला कळलं, की हे ताटसुद्धा आपण तोंड लपवायला पुढं केलंय.

तिनं ताट बाजूला ठेवलं. लेकीसमोर खाली बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"माफी कशाची करू गं?" अक्का म्हणाली. "मला ठावं होतं तू मागं हाईस. तू दोनदा नाक वढलंस, ते ऐकलं मी. पिशवी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतलीस, ते ऐकलं. मी मुद्दाम वळले नाही. तू रडत हाक मारावीस आन् मी नाही म्हणावं, येवढ्यासाठी बसून व्हते. तू हाक मारली नाहीस, त्याचा राग धरला. आन् गावाला सांगितलं, न सांगता गेली. तू सांगायलाच आली व्हतीस, गिरिजा. मी ऐकून घेतलं नाही. फळ्यावरलं ते शून्य माझंच व्हतं, माफी मी मागायची."