बिनचकाकीचं टेबल

काका : पत्र आलं त्याला साडेतीन वर्षं झाली. डागही त्याच दिवशीचा.

पॉलिशवाली : काका, मी डागाचं वय विचारलं. पत्राचं नाही.

काका : दोघांचं एकच आहे, म्हणून म्हटलं. त्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलंय.

सून : बाबा, त्यांना आधी टेबल तरी बघू द्या. थांबा ताई, ही पुस्तकं मी उचलते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला वाटायचं, खालपासून वरपर्यंत नुसती पुस्तकंच आहेत. आत टेबल आहे हे काल कळलं.

पॉलिशवाली : डाग झाकायला रचलीत होय?

काका : नाही. म्हणजे, हो.

पॉलिशवाली : मग हलकी तरी ठेवायची. हे सगळे शब्दकोश दिसतायत.

काका : हलकी कुणीही उचलून खाली बघेल, म्हणून जड ठेवली.

पॉलिशवाली : पूर्ण विचार केलेला आहे म्हणजे. खिडकी उघडा जरा. हं. डाग एवढासा, लिंबाएवढा. आणि त्याच्याभोवती हे ताटाएवढं चकाकतंय, ते काय?

काका : ते मी. पुसायला गेलो होतो.

पॉलिशवाली : कशानं?

काका : आधी ओल्या फडक्यानं. मग दात घासायच्या पेस्टनं. मग भांड्यांची घासणी घेतली. हलक्या हातानं.

पॉलिशवाली : घासणीला हलका हात नसतो. कुणी शिकवलं हे?

काका : घरगुती युक्त्यांचं एक पुस्तक आहे. त्याची प्रुफं मीच तपासली होती. एकही चूक राहिली नव्हती त्यात.

पॉलिशवाली : छपाईची नसेल.

सून : बाबा छापखान्यात होते ताई, छत्तीस वर्षं. प्रुफं वाचायचे. अजून रस्त्यानं चालताना दुकानांच्या पाट्या तपासतात.

पॉलिशवाली : मग आता माझं वाचा. हे मॅट आहे काका. हाताला गुळगुळीत लागतं, पण त्यावर बारीक, डोळ्याला न दिसणारी खडबड मुद्दाम ठेवलेली असते. म्हणून उजेड त्यावरून उडत नाही, गप पडून राहतो. तुम्ही घासलंत आणि ती खडबड मोडलीत. चकाकी आणायला लोक आम्हाला बोलावतात. तुम्ही ती घरच्या घरी आणलीत, आणि नको तिथं.

काका : डाग पडल्या पडल्या बोलवायला हवं होतं तुम्हाला.

पॉलिशवाली : मला कशाला? मऊ सुती फडकं, कोमट पाणी, साबणाचा एक थेंब. फडकं घट्ट पिळायचं, डागावर ठेवायचं, उचलायचं. ठेवायचं, उचलायचं. शाई फडक्यात येते. घासायचं मात्र नाही. पुढच्या डागाला उपयोगी पडेल.

काका : पुढचा पडायचा नाही. मी यावर लिहीत नाही.

पॉलिशवाली : मग कुठं लिहिता?

सून : स्वयंपाकघरात. ओट्यावर, उभ्यानं. मी कुकर लावते आणि हे शेजारी पान भरतात.

पॉलिशवाली : सरका जरा, मी खाली वाकून बघते. कुठलंही औषध आधी न दिसणाऱ्या जागी लावून बघायचं असतं. अरे. हे कुणी केलंय?

काका : का? बरं नाही का?

पॉलिशवाली : काका, टेबलाची खालची बाजू कुणी पॉलिश करत नाही. आम्ही फळीला एक हात मारतो आणि सोडून देतो. कोण बघतंय? यानं खालूनही वरच्यासारखंच केलंय. कोपऱ्यापर्यंत. हात लावून बघा.

काका : मी कधी वाकून बघितलं नाही.

पॉलिशवाली : कोण हा माणूस?

काका : माझा धाकटा भाऊ. सुतार आहे. मी निवृत्त झालो तेव्हा त्यानं करून पाठवलं. त्याच्याबरोबर ते पत्र.

सून : काय होतं हो पत्रात? इतक्या दिवसांत सांगितलं नाहीत कधी.

काका : फार काही नाही. 'दादा, चकचकीत टेबलावर दिवा पडला की तुझे डोळे दुखतात, तू म्हणायचास. म्हणून चकाकी ठेवली नाही. लिहायला कसं वाटतं ते कळव. नाही आवडलं तरी कळव.' एवढंच.

पॉलिशवाली : आणि तुम्ही कळवलंच नाही.

काका : आज लिहिणार आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. टेबल उत्तम आहे, असं त्याला लिहायचंय, आणि ते खरं असताना लिहायचंय. डाग तसाच ठेवून लिहिलं तर खोटं होईल. खरं लिहावं तर... म्हणून थांबलो.

सून : तुम्ही थांबलात बाबा, पण तिकडे काय झालं ते मी काल सांगितलंय तुम्हाला. ताई, धाकट्या काकांचं काकू फोनवर सांगत होत्या. 'दादाला आवडलं नसणार. तोंडावर सांगायचा त्याचा स्वभाव नाही,' एवढं बोलून धाकट्या काकांनी विषय मिटवला. त्यानंतर मॅटचं एक काम घेतलं नाही त्यांनी. गिऱ्हाईक मागतं, तर 'मला जमत नाही' म्हणून परत पाठवतात.

पॉलिशवाली : ज्याला हे जमलंय, तो म्हणतो जमत नाही?

काका : म्हणूनच म्हणतोय, डाग आज जायला हवा.

पॉलिशवाली : बघते. ठेवते, उचलते. तुम्ही नका हो असं अंगावर येऊन उभे राहू. हे बघा, थोडं येतंय फडक्यात. पण हे लाल आहे. मला वाटलं, काळी शाई जुनी होऊन अशी दिसते. लाल शाई कशाला लागते घरात?

काका : सूनबाई, तू जरा आत... नाही, राहू दे. तूही ऐक. ती प्रुफांची शाई. पत्र वाचायला या टेबलाशी बसलो, आणि हात आपला दौतीकडे गेला. भाऊ चौथीपर्यंत शिकलेला. मी पुढे शिकावं म्हणून वडिलांनी त्याला कामाला लावलं होतं. पहिल्या ओळीत एक चूक सापडली. दुसरीत दोन. मी ते पत्र वाचलंच नाही, तपासलं. समासात खुणासुद्धा केल्या.

सून : बाबा.

काका : पान उलटलं, तर मागे दोन ओळी होत्या. 'चुका असतील, हसू नकोस. हे मी कुणाकडून लिहून घेतलेलं नाही.' ते वाचलं, आणि हात असा मागे घ्यायला गेलो. दौत कलंडली.

पॉलिशवाली : हं.

काका : त्यापेक्षा हसलो असतो तर बरं.

पॉलिशवाली : काका, माझं काम फर्निचरचं. तेवढंच बोलते. मी याला पुढे हात लावणार नाही.

काका : का? हे सगळं ऐकलंत म्हणून?

पॉलिशवाली : छे हो. यावर त्यानं काय लावलंय तेच मला कळत नाही. तेल-मेण म्हणावं तर तसं नाही, लॅकर म्हणावं तर तेही नाही. स्वतःचं काहीतरी कालवलंय त्यानं. चुकीचं औषध पडलं तर पांढरा चट्टा उठेल. मग वरची अख्खी बाजू तासायची. तासून नवीन मॅट मी चढवीन, डाग औषधालाही उरणार नाही. टेबल राहील, पण त्याचं काम जाईल.

काका : तासा मग.

पॉलिशवाली : चालेल तुम्हाला?

काका : नाही.

पॉलिशवाली : मग एकच उपाय. करणाऱ्याला विचारायचं, काय लावलं होतं.

काका : तुम्ही विचाराल का? म्हणजे, एका गिऱ्हाईकाचं टेबल आहे, त्यावर शाई सांडलीय, असं. माझं नाव न घेता. मी नंबर देतो.

पॉलिशवाली : मला काय, विचारीन.

सून : नका विचारू ताई. बाबा, काकू म्हणाल्या, असं टेबल धाकट्या काकांनी आयुष्यात एकच केलंय.

काका : हो. ते राहिलंच माझ्या लक्षात यायचं.

पॉलिशवाली : जाता जाता सांगते. माल घरी पोचला की गिऱ्हाईक काही कळवत नाही. आम्ही समजून घेतो, बरं झालं असेल. घरच्या माणसाचं तसं समजून घेता येत नाही. आणि डागाचं म्हणाल, तर टेबल म्हटलं की डाग आलाच. त्याचं कारागिराला काही वाटत नाही. त्याचं उत्तर आलं की मला फोन करा. तोपर्यंत पुस्तकं परत रचू नका.

(तीन दिवसांनी, दुपारी. चौकातल्या पोस्टाच्या पेटीपाशी.)

सून : पाकीट चिकटवलंच नाहीत अजून?

काका : एकदा वाचून दाखवतो, मग चिकटवतो.

सून : रात्री चार वेळा वाचलंत. भिंतीपलीकडून मला पाठ झालंय.

काका : मोठ्यानं वाचत होतो का मी?

सून : वाचा आता. इथं कुणी नाही.

काका : 'टेबल फार चांगलं आहे. मी ते पहिल्याच दिवशी खराब केलं. तुझ्या पत्रातल्या चुका काढताना लाल शाई सांडली. मग घासून घासून त्याला चकाकी आणली. इतकी वर्षं मी लाजेनं गप्प होतो, टेबल आवडलं नाही म्हणून नव्हे. खालच्या बाजूचं तुझं काम मी परवा पहिल्यांदा पाहिलं, तेही दुसऱ्या कुणी दाखवलं तेव्हा.'

सून : चुकांचं लिहिलंच नसतं तर त्यांना कळलं नसतं बाबा. लाल शाई काय, कशानंही सांडते.

काका : पहिल्या कागदावर नव्हतंच लिहिलं. वाचून बघितलं. छान झालं होतं. फारच छान झालं होतं, म्हणून फाडलं.

सून : पुढे?

काका : 'त्यावर काय लावलं आहेस ते कळव. इथल्या पॉलिशवाल्या बाई हुशार आहेत, त्यांनाही ओळखता आलं नाही. किंवा तूच येऊन बघ. अर्थात यायलाच हवं असं नाही.' हे शेवटचं वाक्य काढू का?

सून : काढा.

काका : खोडलेलं दिसेल. घरी जाऊन पुन्हा उतरवून काढलं तर?

सून : दिसू दे खोडलेलं. हे घ्या पेन. काळंच आहे.

काका : हं. खोडलं. तो हसेल याला.

सून : हसतील.

काका : चिकटलं का नीट बघ. पत्ता बरोबर आहे ना?

सून : बरोबर आहे. द्या, मी टाकते.

काका : नको. मी टाकतो.

सून : पडलं?

काका : पडलं. पेटी किती वाजता उघडतात ग?

सून : चारला. समोर पाटी आहे, तुम्ही वाचली नाहीत?

काका : नाही. म्हणजे अजून पाऊण तास.

सून : परत मागायचंय का?

काका : नाही. आपण जरा इथंच थांबू. ते घेऊन जाईपर्यंत.