तेल गळतंय, पण कमी होत न्हाई

गड्या, गाडीखाली तेल गळतंय पण आतलं तेल कमी होत न्हाई, असं कवा ऐकलंयस? माझ्या जुन्या मोटारीचं तसंच झालं. मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याखाली, म्हंजे डिफरन्शियलखाली, थेंब दिसायचे, पण त्याचं बूच काढून बघावं तर तेल काठोकाठ. कोरेगावचे आमचे मिस्त्री तीन दिवस डोकं खाजवत होते. शेवटी म्हणाले, "दादा, डिफरन्शियल ठीक हाय. त्याला धरून ठेवणारं रबरी माउंट फाटलंय. तेल त्या रबराच्या पोटातलं हाय."

"रबरात तेल कशाला?"

"हादरे कमी बसावेत म्हणून."

मला काय पटलं न्हाई, पण नवं माउंट बसवून गाडी घरी आणली. चहा पिऊन बाहेर आलो, तर मागं परत ओलं. मिस्त्र्यांना बोलावलं. बिचारे गाडीखाली आडवे झाले, बोट लावलं, वास घेतला, मग जिभेला लावून माझ्याकडं बघतच राहिले.

"दादा, हे गोड लागतंय."

तवा ओट्यावरनं आमचे वडील म्हणाले, "मी नारळ फोडलाय तिथं."

"आवं आबा, नारळ पुढच्या चाकाला फोडत्यात."

"दुरुस्ती मागं झाली, मग पुढं कशाला फोडू?"