उद्यापासून पाच पेशंट तुमचे

सिस्टरांचे मिस्टर गायकवाड साहेब, त्यांची मुलगी प्रज्ञा, मॅट्रन मॅडम, आमच्या वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी, आणि ड्युटी सांभाळून विहारात शोकसभेला आलेले तुम्ही सगळे. जय भीम. नमस्कार.

मला भाषण येत नाही. इंजेक्शन द्यायला सांगा, हात हलणार नाही. माईक मात्र पहिल्यांदाच धरलाय. सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी दत्ता. दत्ता ब्रदर. राजगुरुनगरकडचा. चाकण रस्त्यावरच्या आमच्या हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डात मी अकरा वर्षं आहे, आणि ती अकराही वर्षं सुनंदा गायकवाड सिस्टरांच्या हाताखाली. त्या वॉर्डच्या इनचार्ज होत्या. गेल्या मंगळवारी त्या गेल्या. सोमवारपासून वॉर्ड माझ्याकडं येतोय. तो त्यांच्या पद्धतीनं चालवायचा की जुन्या, हा प्रश्न आता माझ्या गळ्यात आहे. मला त्याबद्दलच बोलायचंय.

माझ्या आधी बोलले ते म्हणाले, सिस्टर म्हणजे मायेचा सागर. माफ करा, पण नव्हत्या हो. मला तरी कधी सागर दिसला नाही. चादरीला सुरकुती दिसली की अख्ख्या वॉर्डासमोर आमची बिनपाण्यानं करायच्या. मामा, खोटं सांगतोय का? बघा, मामा हसतायत.

मग त्या होत्या कशा? त्यासाठी मला बालाजीची गोष्ट सांगावी लागेल. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे. चारचौघांत पहिल्यांदाच सांगतोय.

तेव्हा आमच्याकडं कामाची वाटणी होती. एकानं सगळ्यांना इंजेक्शनं द्यायची. एकीनं सगळ्यांचं बीपी बघायचं. एकीनं ड्रेसिंग. जेवणाचे ट्रे मामांकडं. पेशंटला नाव नसायचं, नंबर असायचा. सात नंबरची पट्टी झाली का? बारा नंबरला सोडलं का? सगळं भराभर व्हायचं. आम्हाला वाटायचं, काय भारी वॉर्ड चालवतोय आपण.

सात नंबरला बालाजी नावाचा माणूस होता. लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होता, दोन बोटं गेली होती. त्यात शुगर. बायको-मुलं गावाला, इथं खोलीवर एकटा. म्हणजे उशाशी बसायला कुणी नाही. हा बाबा रात्रभर टक्क जागा असायचा आणि दिवसा ढाराढूर झोपायचा. तीन दिवस सगळ्यांनी केसपेपरवर लिहिलं, पेशंट रात्री झोपत नाही. मीपण लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, छान लिहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी माझ्याकडं इंजेक्शनं होती. ट्रॉली घेऊन निघालो. सात नंबरला जेवणाआधीचं इन्सुलिन लिहिलेलं. ट्रे शेजारी ठेवलेला दिसला. दिलं, सही केली, पुढं गेलो. बालाजीनं डोळे उघडले आणि परत मिटले. जेवला नाही. मामांनी भरलेला ट्रे उचलून नेला. आता मामांना काय माहीत, इन्सुलिन दिलंय म्हणून? आणि मला काय माहीत, ट्रे भरलेला गेला म्हणून? ज्यानं त्यानं आपापलं काम चोख केलं होतं.

तीनच्या सुमाराला सिस्टर सहज तिकडून चालल्या होत्या. बालाजी घामानं निथळत होता, हाक मारली तर ओ देईना. साखर पार खाली गेली होती. त्यांनी तिथल्या तिथं सूत्रं हातात घेतली, ग्लुकोज चढवलं. माणूस वाचला. अजून अर्धा तास गेला असता तर? मला तो विचार आजही नको वाटतो.

तो शुद्धीवर आल्यावर सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. विचारलं, "बालाजी, कंपनीत शिफ्ट कोणती तुमची?"

तो म्हणाला, "नाईटच की बाई. चार वर्सं झाली. दिवसा झोपायची सवयच लागली."

संपलं. एवढंच होतं. चाकणला राहून, घराघरात शिफ्टवाले असून, आम्हा दहा जणांपैकी एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. माझा सख्खा भाऊ नाईट करतो हो! घरी दुपारी आम्ही टीव्हीचा आवाजसुद्धा करत नाही.

मग चौकशी झाली. केसपेपरवर सही माझी. माझ्याकडं लेखी खुलासा मागितला. मी कोरा कागद घेऊन बसलो होतो, तोवर सिस्टरांचा खुलासा वर गेलासुद्धा. त्यात लिहिलं होतं, वॉर्डची पद्धत चुकली, आणि वॉर्डची इनचार्ज मी आहे. वरिष्ठांच्या केबिनमध्ये त्या बोलणी खात होत्या, आणि मी शेजारी उभा होतो. मी एक शब्द बोललो नाही. "चूक माझीपण आहे," एवढं तीन शब्दांचं वाक्य. नाही निघालं तोंडातून. नोकरी जाईल असं वाटलं. घाबरलो होतो.

बाहेर आल्यावर मी आभार मानायला लागलो. त्या म्हणाल्या, "आभार राहू देत. उद्यापासून पाच पेशंट तुमचे."

पाच पेशंट म्हणजे त्यांचं सगळं माझ्याकडं. इंजेक्शन मी, बीपी मी, ड्रेसिंग मी, ट्रेवर नजर माझी. आला त्या दिवसापासून घरी जाईपर्यंत. तसेच प्रत्येकाला पाच-सहा. आणि पहिल्या दिवशी काम बाजूला ठेवून शेजारी बसायचं. घरी कोण, काम काय, झोप कधी, भीती कशाची. ड्युटी बदलताना काउंटरवर वाचून दाखवायचं नाही. खाटेशी जायचं आणि पेशंटच्या समोर सांगायचं. आपण चुकलो तर तो म्हणेल, तसं नाही हो.

मला राग आला. मी म्हणालो, "सिस्टर, आम्ही नर्सिंग करायचं का सोयरीक?"

"सोयरीकच समजा," त्या म्हणाल्या. "पोरीचं स्थळ बघताना कसं खोदून खोदून विचारता? तसं विचारा."

सोपं गेलं नाही. दोन सिस्टर कंटाळून सोडून गेल्या. मी स्वतः दोन वेळा बदलीचा अर्ज लिहिला. आणि मग चऱ्होलीचे एक आजोबा माझ्या वाट्याला आले. फुप्फुसं गेलेली. रोज मला शिव्या घालायचे, "तुला सुई धरता येत न्हाई, नांगर धर." दीड महिना होते. गेले. मी त्यांच्या दशक्रियेला गेलो, आणि दुसऱ्या दिवशी सिस्टरांसमोर भांडायलाच उभा राहिलो. म्हणालो, तुमच्या या पद्धतीनं मला त्रास होतोय. पूर्वी होत नव्हता.

त्यांनी मान वर न करता सांगितलं, "व्हायलाच पाहिजे. ज्या दिवशी होणार नाही त्या दिवशी मला सांगा, स्टोअरमध्ये टाकते तुम्हाला."

नंतर त्या स्वतः आजारी पडल्या. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात होत्या. मी भेटायला गेलो. चकाचक वॉर्ड, सलाईन वेळेवर, कशात खोट काढायला जागा नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ब्रदर, चार दिवस झाले. पोरी चांगल्या आहेत, हात हलका आहे. पण इथल्या एकीलाही माहीत नाही, मी सिस्टर आहे म्हणून." तीस वर्षं नर्सिंग केलेली बाई, आणि सुई टोचणाऱ्या पोरीला पत्ता नाही. हसत म्हणाल्या खऱ्या. मी मात्र जिन्यात येऊन रडलो. साहेब, तुम्ही मला तिथं बघितलं होतंत.

आता सोमवारचं सांगतो. परवा मॅट्रन मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, माणसं कमी आहेत, पूर्वीसारखी कामाची वाटणी करून टाका. मी काय म्हणालो? "बरं, मॅडम." सिस्टरांना जाऊन चार दिवसही झाले नव्हते, आणि मी बरं म्हणून बाहेर आलो. लाज वाटते सांगायला.

मॅडम, तुम्ही समोर आहात. माणसं कमी आहेत हे शंभर टक्के खरं आहे. तुम्ही वाईट नाही, तुमचेही हात बांधलेले आहेत. पण माझं ते 'बरं' मी परत घेतो. इनचार्जकडं पेशंट नसतात, मला द्या. सहा द्या. माणसं मिळेपर्यंत मी करीन. वाटणी मात्र माझ्या हातून होणार नाही. नसेल चालत, तर वॉर्ड दुसऱ्या कुणाला द्या, मी त्यांच्या हाताखाली काम करीन. राग मानू नका.

आणि प्रज्ञा, तुझ्या आईनं त्या दिवशी केबिनमध्ये जे ऐकून घेतलं, ते माझ्या वाट्याचं होतं. तुला घरी सांगितलं नसेल त्यांनी. म्हणून मी सांगितलं.

सगळ्यांना विनंती, दोन मिनिटं उभे राहू या.

सिस्टर, बोलायचं होतं ते बोललो. आता गप्प उभा राहतो.