चढवलेली पत

मंडळी, ऐका. आज एकच विचारतो — पत असणं आणि पत दिसणं, यात अंतर किती? मागून कोणी म्हणालं, दोन्ही एकच. बरं! तुमच्यासाठीच हे आख्यान.

मनोहरपंत किंजवडेकर नावाचे प्राध्यापक होते. विषय संभाव्यता! म्हणजे पाऊस किती येईल, धरण कधी भरेल, याची शक्यता गणितानं मोजायची विद्या. आमच्या आईचे गुडघे हेच काम फुकट करायचे — पण त्यांचं कुठं छापून आलं नाही.

पंतांच्या गुरूंनी, अण्णा देवस्थळींनी, या विद्येचं नियतकालिक काढलेलं. आता पंत संपादक. पण अशा नियतकालिकांची पत ठरते कशी? त्यातल्या लेखांचे दाखले इतर अभ्यासक किती देतात, यावर! अण्णांच्या नियतकालिकाला कोणी विचारीना. विद्यापीठ म्हणालं, बंद करा.

गुरूचं काम आपल्या हातून बुडणार — पंतांना ते मानवेना. तेव्हा सहसंपादक गोगावले हळूच म्हणाले, "सर, लेख छापायचा तर आपल्याच जुन्या लेखांचे दाखले घाला, असं लेखकांना सांगू. सगळेच सांगतात."

सगळेच! मंडळी, पापाला सोबत मिळाली की ते रीत म्हणून मिरवतं.

पंतांनी मान डोलावली. पत चढली. अंथरुणाला खिळलेल्या अण्णांना त्यांनी ते सांगितलं, तेव्हा म्हातारा समाधानानं रडला.

पण पत मोजणारे आंधळे नव्हते. सांगून घातलेले दाखले ओळखून त्यांनी नियतकालिक आपल्या यादीतून बाद केलं.

मग रुबिना मुलाणी ही तरुण अभ्यासक पंतांकडे आली. धरणाच्या पुरावरचा तिचा लेख पंतांनीच छापलेला. त्या जोरावर नोकरी मिळायची होती. मुलाखतीत निवड समितीवाले म्हणाले, या नियतकालिकात छापलेलं आम्ही धरत नाही.

"सर, माझ्या गणितात चूक होती?"

"नाही."

"तुम्ही सांगितलेले दाखलेही मी घातले नव्हते."

"माहीत आहे. लेख चांगला होता, म्हणून तसाच छापला."

"मग माझं कशानं गेलं?"

"माझ्यामुळं," पंत म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

ते स्वतः त्या निवड समितीपुढं गेले. सगळं कबूल केलं, मुलीची योग्यता सांगितली. तिथले प्रमुख शांतपणे म्हणाले, "किंजवडेकर, तुमच्या शब्दावर आता कसा विश्वास ठेवायचा?"

नोकरी दुसऱ्याला गेली.

थोड्याच दिवसांत अण्णा वारले. त्यांना कोणी काही कळू दिलं नव्हतं. शोकसभेत एक जण म्हणाला, "भाग्यवान माणूस. आपलं काम नावारूपाला आलेलं बघून गेला." पंत खाली मान घालून ऐकत राहिले.

मंडळी, मुलाचे मार्क, घराण्याचं नाव — आपणही थोडं चढवून सांगतोच ना? आपल्या खोट्याची शिक्षा आपल्याला झाली, तर ते प्रायश्चित्त. ती दुसऱ्याच्या लेकीला झाली, तर त्याला काय म्हणायचं? सांगा.

सुचत नसेल, तर आता देवाचं नाव घ्या. पण मान वर करून घेता येतं का, तेवढं बघा.